भीतीच्या आधीची दोन मिनिटं: भयपटाचं विश्लेषण कसं करावं

पावसाळ्यात वीज गेली की गोव्यातल्या फोंड्याकडच्या आमच्या घरात आजी सोप्यावर बसून रात्री वेशीवर फिरणाऱ्या देवचाराच्या गोष्टी सांगायची. तिच्या देवचाराला चेहरा नव्हता. खांद्यावर कांबळं, हातात काठी, पायांत वहाणा, इतकंच. गोष्टीत तो समोर कधी यायचाच नाही. आधी लांबून काठीचा आवाज यायचा, मग वहाणांचा. मग आजी गप्प व्हायची आणि कौलांवरचा पाऊस एकदम मोठा ऐकू यायला लागायचा. आम्ही भावंडं एकमेकांना चिकटायचो ती नेमकी तेव्हा. देवचार तर अजून गावच्या वेशीवरच असायचा.

भयपट अभ्यासायला बसलेल्या प्रत्येकाला मी आधी ही आठवण सांगते. आपण ज्या क्षणी घाबरतो, त्या क्षणी भीती तयार होत नाही. ती त्याआधीच्या दोन मिनिटांत कुणीतरी रचून ठेवलेली असते. विश्लेषण करायचं म्हणजे ती दोन मिनिटं उलगडून पाहायची. त्यासाठी महागडी पुस्तकं लागत नाहीत. एक वही, हेडफोन, मागे-पुढे करता येईल असा सिनेमा आणि तीन-चार संध्याकाळी पुरतात.

एकच दृश्य घ्या

नवखा माणूस अख्खा सिनेमा कवेत घ्यायला जातो आणि शेवटी कथाच सांगत बसतो. म्हणून दोन ते चार मिनिटांचं एकच दृश्य निवडा. ते पाहताना तुम्हाला स्वतःला भीती वाटलेली असली पाहिजे, याखेरीज दुसरी कसोटी नाही. समीक्षकांनी कितीही नावाजलेलं असो, तुमच्या अंगावर काटा आला नसेल तर ते दृश्य तुमच्या कामाचं नाही. घरात लहान मुलं असतील तर प्रमाणपत्र तेवढं आधी बघा. चांगले बरेच भयपट प्रौढांसाठीचे असतात.

पहिल्या वेळी सिनेमा सलग पाहा, वही न उघडता. खोलीत अंधार करा. मोबाईलच्या पडद्यावर काळोखातले तपशील काळ्या डागांत बुडून जातात, आणि भयपटाचा अर्धा जीव तर त्या काळोखात असतो. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सेटिंग असते, ती बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. ही सेटिंग मधल्या चौकटी आपल्या मनाने घालते आणि कसलेल्या कॅमेरामनचं काम दुपारच्या मालिकेसारखं दिसायला लागतं.

सिनेमा संपला की लगेच लिहून काढा: कुठे दचकलो, कुठे भीती वाटली, कुठे नजर वळवावीशी वाटली. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. मांजर अंगावर उडी मारतं तेव्हा आपण दचकतो आणि पुढच्या श्वासाला विसरतो. मघाशी लावलेलं दार आता किलकिलं दिसतं, तेव्हा वाटते ती भीती. ती घरी येते, रात्री न्हाणीघरात जाताना आठवते. नजर वळवायला लावते ती किळस. ही तिन्ही करण्याची तंत्रं निरनिराळी आहेत आणि पुष्कळ लेखन तिथेच घसरतं. दचक्याला भीती समजून त्याचं कौतुक केलं जातं.

थांबवून, मागे नेऊन पाहायची सोय प्रत्येक वेळी नसते. आपल्याकडे २००४ पासून दर नोव्हेंबरला पणजीत इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो आणि तिथे जगभरातले भयपट मोठ्या पडद्यावर मिळतात, पण एकदाच. थिएटरात मोबाईलचा उजेड करून टिपणं घेऊ नका, मागच्या रांगेचा सिनेमा मोडतो. अंधारात वहीकडे न बघता मोठ्या अक्षरांत, ओळीला एक शब्द लिहायची सवय करा: ‘जिना’, ‘थेंब’, ‘पाठमोरी’. बाहेर पडल्यावर पुढच्या रांगेत उभं राहायची घाई न करता कांपालच्या बाजूला मांडवीच्या काठावर पंधरा मिनिटं बसा आणि त्या शब्दांची वाक्यं करा. तासाभराने ते शब्द तुमच्याशी बोलत नाहीत, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

आवाज बंद करून पाहा

दुसऱ्या वेळी निवडलेलं दृश्य पूर्ण मुकं करून पाहा. आता फक्त चौकट पाहायची. तीन प्रश्न पुरे आहेत. उजेड कुठून येतोय? चौकटीत रिकामी जागा कुठे आहे? कॅमेरा कुणाच्या बाजूने आहे?

उजेडाचं कारण साधं आहे. सूर्य वर असतो, दिवाही बहुधा वरच टांगलेला असतो, त्यामुळे नाकाची सावली खाली पडलेले चेहरे पाहायला आपण जन्मापासून सरावलेलो आहोत. तोच उजेड हनुवटीखालून आला की ओळखीचा चेहरा परका होतो. पण ही युक्ती इतकी वापरून झाली आहे, की आज तिने हसू येण्याचीच शक्यता जास्त. उजेड अर्ध्या चेहऱ्यावर आहे, पाठीमागून आहे, की दारातून आलेली एकच पट्टी आहे आणि पात्र तिच्यात शिरतं की तिच्यापासून दूर जातं, हे टिपा.

रिकाम्या जागेबद्दल सांगण्यासाठी ‘सायको’मधल्या शॉवरच्या दृश्याइतका चांगला धडा मला दुसरा सापडलेला नाही. आल्फ्रेड हिचकॉकचा १९६० चा हा कृष्णधवल सिनेमा. न्हाणीघर लख्ख पांढरं, कुठेही काळोख नाही. बाई शॉवरखाली उभी आहे आणि कॅमेरा आत, तिच्या बाजूला. मग चौकटीचा मोठा भाग शॉवरचा पडदाच व्यापतो. त्या अर्धपारदर्शक पडद्यापलीकडे दार उघडतं आणि एक आकृती पुढे सरकते. कॅमेराही हळूहळू पडद्याकडे सरकतो, बाई चौकटीबाहेर जाते. आपल्याला दिसतंय, तिला दिसत नाही. आपण ओरडून सांगू शकत नाही. भीती इथे पूर्ण झालेली आहे. पडदा अजून ओढायचाच आहे.

पडदा ओढला जातो तिथपासून संकलन सूत्रं हातात घेतं. एवढ्याशा दृश्याचं चित्रीकरण सात दिवस चाललं होतं. तुकडे इतके छोटे की डोळा एक धड पाहू लागतो तोवर पुढचा येतो. सुरी, हात, तोंड, पाणी. सगळं पाहिल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात फार थोडं दाखवलेलं असतं. मग वेग एकदम उतरतो. पाणी आणि रक्त मोरीकडे वळतं, त्या काळ्या भोकातून चित्र विरघळत बाईच्या उघड्या डोळ्यावर येतं आणि कॅमेरा फिरत फिरत मागे जातो. वहीत लिहिताना नुसतं ‘जलद संकलन’ लिहू नका. जलद कशानंतर आणि कशाआधी, ते लिहा. शेवटच्या संथपणामुळे आधीचा वेग अंगावर येतो.

कॅमेऱ्याची बाजू ओळखायला एक सोपा उपाय आहे: हा शॉट कुणी पाहत असेल तर तो कुठे उभा असेल, असं प्रत्येक शॉटला विचारा. पात्राच्या नजरेतून दिसत असेल तर ठीक. पण झुडपाआडून, जिन्याखालून, खिडकीबाहेरून दिसत असेल आणि तिथे कुणी असल्याचं आपल्याला सांगितलेलं नसेल, तर दिग्दर्शकाने एक न दिसणारं पात्र कथेत आणून ठेवलं आहे. भिंगाकडेही लक्ष द्या. वाइड अँगल भिंग खोली लांबवतं, जवळचा चेहरा फुगवतं. लांब पल्ल्याचं भिंग मागची झाडं पात्राच्या पाठीला आणून टेकवतं.

मग डोळे मिटून ऐका

हेडफोन लावा, दिवा घालवा आणि तेच दृश्य फक्त ऐका. शक्य असेल तर दोनदा. नवखी मंडळी ही पायरी गाळतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण भयपट डोळ्यांपेक्षा कानांतून जास्त आत शिरतो. डोळे मिटता येतात, कानांना पापण्या नाहीत.

आवाजाचे थर वेगळे करा. पात्रांना ऐकू येणारे आवाज कोणते आणि फक्त आपल्याला ऐकू येणारे कोणते? पाऊस, पंखा, रातकिडे हे पहिले, पार्श्वसंगीत दुसरं. चौकटीत ज्याचं उगमस्थान दिसत नाही असा पहिल्या प्रकारचा आवाज आला की कान टवकारा. आजीच्या गोष्टीतली काठी ती हीच.

स्टीव्हन स्पिलबर्गच्या ‘जॉज’मध्ये (१९७५) जॉन विल्यम्सची दोन सुरांची धून आहे, ती ऐकली की पाण्याखाली शार्क आहे हे आपण शिकतो. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत असे, म्हणून तो पडद्यावर फार कमी आला आणि त्याचं काम या धूनने केलं. पण सिनेमा दुसऱ्यांदा ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. दोन पोरं पुठ्ठ्याचा पंख लावून खोडी काढतात, तेव्हा किनाऱ्यावर हलकल्लोळ माजतो आणि धून मात्र वाजत नाही. सिनेमा आपल्याशी प्रामाणिक राहतो. असा विश्वास बसल्यावर, बोटीवरून चारा टाकताना शार्क आगाऊ धून न वाजवता अचानक तोंड वर काढतो. नियम आधी शिकवायचा, पाळायचा आणि मग मोडायचा. तुमच्या दृश्यात संगीत नियम शिकवतंय की मोडतंय, ते शोधा.

‘द शायनिंग’मध्ये (१९८०) लहान मुलगा तीनचाकी सायकलवरून हॉटेलच्या लांबच लांब बोळांतून जातो. गॅरेट ब्राउनचा स्टेडीकॅम, म्हणजे चालतानाही न हादरणारा कॅमेरा, त्याच्या मागून, जमिनीलगत. लाकडी फरशीवर चाकं खडखडतात, गालिच्यावर एकदम मुकी होतात, पुन्हा खडखडतात. संगीत काढून टाकलं तरी इथे छाती धडधडेल. प्रत्येक शांततेत आपण पुढच्या वळणाची वाट पाहतो.

आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे कमाल अमरोहींचा ‘महल’ (१९४९). ‘आयेगा आनेवाला’ची सुरुवात दुरून येत असल्यासारखी वाटावी म्हणून लता मंगेशकर ध्वनिमुद्रणाच्या वेळी मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या, ही हकिगत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. हेडफोनवर ऐका, आवाज खरंच खोलीत चालत येतो. या सिनेमाचे छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग जर्मनीहून बॉम्बे टॉकीजमध्ये आलेले. जर्मन मूकपटांनी सावल्यांची जी भाषा घडवली होती, ती आपल्या हवेल्यांत कशी पोहोचली याचा एक धागा इथे हाती लागतो.

शॉटांची यादी

आता वही. पानावर उभे रकाने आखा: शॉटचा क्रमांक, किती सेकंद, काय दिसतं, काय ऐकू येतं, मला काय झालं. शेवटचा रकाना सोडू नका, तोच तुमचा पुरावा. दोन मिनिटांच्या दृश्याला पहिल्यांदा दीड-दोन तास लागतात. कंटाळा येईल, तरी करा.

हे किती कामाचं आहे, ते मला एका जुन्या घरात कळलं. काही मुलांनी सराव म्हणून मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं दृश्य केलं होतं. घरात राजांगण, सोप्यावर पितळी कड्यांचा झोपाळा, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी. त्यांच्या पहिल्या कटमध्ये शेवटी पांढऱ्या साडीतली बाई झोपाळ्यावर दिसायची. पाहणाऱ्यांपैकी एकालाही भीती वाटली नाही. मग आम्ही यादी केली:

शॉट १. आठ सेकंद. सोपा, लांबून. झोपाळ्यावर आजी पाठमोरी. कड्यांची करकर. मला: काही नाही, बरं वाटलं.

शॉट २. बारा सेकंद. स्वयंपाकघर. मुलगी खिडकीशी वाचत बसलेली. करकर भिंतीपलीकडून. मला: काही नाही.

शॉट ३. पाच सेकंद. मागचं दार. आजी विहिरीवरून कळशी घेऊन आत येते. करकर चालूच. मला: पोटात खड्डा.

शॉट ४. सहा सेकंद. मुलीचा चेहरा जवळून. ती आजीकडे पाहते, मग भिंतीकडे. करकर चालूच. मला: मान मागे वळवावीशी वाटली.

शॉट ५. चार सेकंद. झोपाळ्यावरची पांढऱ्या साडीतली बाई. मोठा आवाज. मला: संपलं.

शेवटच्या रकान्यानेच सांगितलं काय चुकलं ते. भीती तिसऱ्या शॉटमध्ये सुरू होते, कारण तिथे पहिल्या शॉटचा अर्थ मागे जाऊन बदलतो. मग ती पाठमोरी कोण होती? पाचवा शॉट त्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. मुलांनी तो काढला. त्याजागी चौथाच शॉट लांबवला आणि त्यात मध्येच करकर थांबवली. एवढंच. त्या संध्याकाळी त्या घरात कुणी सोप्यावर एकटं जायला तयार नव्हतं.

म्हणून यादी झाल्यावर शेवटच्या रकान्यात पहिला बदल कुठे आहे तिथे खूण करा आणि तिथून वर, मागे वाचत जा. काय बदललं? उजेड, अंतर, आवाज, शॉटची लांबी, की आपल्याला असलेली माहिती? बहुतेक वेळा दोनच गोष्टी बदललेल्या असतात, बाकी सगळं मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं.

संकेत ओळखा, पण तिथे थांबू नका

प्रत्येक प्रकारच्या सिनेमाचे ठरलेले संकेत असतात. भयपटात एकाकी घर, आधीच बजावणारा म्हातारा, न लागणारा फोन, माणसाआधी चाहूल लागणारं कुत्रं, आरशात मागे दिसणारं कुणीतरी. आपल्या हिंदी-मराठी परंपरेत अमावास्या, पैंजण, पिंपळ, हवेली, मांत्रिक. रामसे बंधूंनी १९७० नंतर यांतले बरेच पक्के केले. त्यांची यादी करणं सोपं आहे आणि तेवढ्यावर विश्लेषण झालं असं समजणंही सोपं. विचारायचं असतं ते पुढे: हा संकेत जसाच्या तसा पाळलाय, वाकवलाय, की मोडलाय? आणि त्याने भीती कुठून कुठे सरकली?

काळोखाचंच घ्या. ‘सायको’ पांढऱ्या न्हाणीघरात घाबरवतो. विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ उसाच्या फडात, उन्हात घाबरवतो. चहूकडे उजेड आहे, पण ऊस इतका दाट की दोन हातांपलीकडचं दिसत नाही. उसाचीच भिंत होते आणि उसाचाच चकवा. उलट ‘तुंबाड’ (२०१८) पाहा. वर सततचा पाऊस, करड्या-हिरव्या रंगाचा ओलसर वाडा आणि खाली विहिरीतून उतरल्यावर तांबडंलाल गर्भागार. तिथे दिसायला सगळं दिसतं, सोन्याचा हावरट देव हस्तरसुद्धा. आपण तरीही घाबरतो, कारण पिठाचं रिंगण आणि कणकेची बाहुली यांचे नियम आपल्याला पाठ झालेले असतात आणि नायक विनायकाचा लोभ ते नियम कधी मोडायला लावेल याची आपण वाट पाहत असतो. रंगाची नोंद करताना ‘लाल म्हणजे धोका’ असं लिहून मोकळं होऊ नका. या सिनेमात लाल आधी कुठे आला, कुठे मुद्दाम आला नाही, ते मागे जाऊन तपासा.

संकेत सगळीकडे सारखे नसतात, हेही ध्यानात ठेवा. पुष्कळ परदेशी भयपटांत बाहेरचं काहीतरी घरात घुसतं आणि त्याला हाकलायचं असतं. आमच्या गावचा देवचार राखणदार आहे. त्याला रोट द्यायचा, वहाणा वाहायच्या, कारण रात्रभर वेस फिरून त्याच्या झिजतात. वाट चुकलेल्याला तो घरी पोहोचवतो, असं लोक सांगतात. अशा गावात वाढलेल्या प्रेक्षकाला रात्री एकट्या माणसामागे येणारा काठीचा आवाज फक्त भिववत नाही. त्यात आधारही मिसळलेला असतो. तुमच्या भीतीत तुमचं गाव किती आहे, हे एका परिच्छेदात लिहायला हरकत नाही. ते विश्लेषणाबाहेरचं नाही.

लिहायला बसताना

सुरुवात कथेने करू नका; दोन वाक्यांत प्रसंग सांगा आणि दृश्यावर या. प्रत्येक परिच्छेदात एक तंत्र, ते दिसतं ती जागा आणि त्याचा परिणाम, तिन्ही यायला हवीत. ‘दिग्दर्शकाने लो अँगलचा प्रभावी वापर केला आहे’ या वाक्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. मीही सुरुवातीला अशीच पानं भरत असे. एका ज्येष्ठ मैत्रिणीने वाचून एवढंच विचारलं, ‘यात तू घाबरलीस कुठे?’ तेव्हापासून माझ्या लेखात तो क्षण पहिल्या परिच्छेदात असतो.

झोपाळ्याच्या दृश्यावर मी असं लिहीन: ‘आजी कळशी घेऊन मागच्या दाराने येते तेव्हा करकर थांबत नाही. आवाज तोच, तेवढाच, पण आता त्याला धनी उरलेला नाही. पहिल्या शॉटमध्ये आजीचा चेहरा दाखवलेला नव्हता, हे आपल्याला आत्ता आठवतं.’ तीन वाक्यं, ‘शॉट’खेरीज एकही पारिभाषिक शब्द नाही. शब्द नेमका असेल तिथे जरूर वापरा; क्लोज-अप म्हणजे क्लोज-अपच. पण आधी काय दिसलं ते, मग त्याचं नाव.

तुमच्या मताविरुद्ध जाणारा एक शॉट मुद्दाम शोधा. सगळं न दाखवल्यामुळे भीती वाटते असं तुम्ही म्हणत असाल आणि त्याच दृश्यात एक शॉट सगळं दाखवत असेल, तर तो लपवू नका. त्याच्याशी झटापट करताना जे सुचतं ते लेखातलं सर्वांत चांगलं पान होतं. मसुदा तयार झाला की सिनेमा न पाहिलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. त्याला दृश्य डोळ्यांपुढे दिसलं नाही, तर तपशील कमी पडलेत.

शेवटी ते दृश्य अजून एकदा पाहा. रात्री, एकट्याने, वही दुसऱ्या खोलीत ठेवून. सगळे सांधे आता तुम्हाला माहीत आहेत. तरीही भीती वाटली का आणि कितव्या शॉटला, ते सकाळी तारीख घालून यादीच्या खाली लिहा.